मिठाचा वास

परवा झिंगेवाली आली तेव्हा साडेनऊ वाजले होते, म्हंजे मे महिन्याच्या हिशोबानं दुपारच. घमेल्यात झिंगे, वर पळसाची पानं, त्यावर ओलं पोतं, आणि पदर दातात धरलेला. "घ्या ना जी भाऊ, नदीतले हायेत, मिश्या पाहा." मिश्या पाहिल्या. लांबच्या लांब, एकदोन अजून हलतही होत्या. आता मिश्या हलताना पाहून भाव करायची हिंमत माझ्यात तरी नाही, मी निमूट दोन वाटे घेतले आणि ती बाई गल्लीच्या सावलीसावलीनं पुढे गेली.

बायको भाच्याच्या लग्नाला गेलेली, आठ दिवस. पोरगी नागपूरहून सुट्टीवर आलेली आणि कूलरसमोर पडलेली, तिला उठवायचं म्हंजे लाईन जायची वाट पाहायची. तिनंच येताना आणलेलं स्पॅगेटीचं पाकीट फ्रीजवर पंधरा दिवसांपासून पडून होतं. बायको त्याला लांब शेवया म्हणते आणि हात लावत नाही. मी ठरवलं, आज झिंगे नि ह्या लांब शेवया एकत्र.

उन्हाळ्यातल्या स्वयंपाकाबद्दल माझं एक मत आहे आणि ते घरात कोणाला मान्य नाही. एप्रिलची पंधरा तारीख उलटली की पावसाचा पहिला थेंब पडेपर्यंत दुपारच्या पोळ्या बंद झाल्या पाहिजेत. बाहेर पंचेचाळीस-सेहेचाळीस, पवनी तालुक्यातली आमची ही कवेलूची घरं आतून तापून भट्टी झालेली, आणि त्यात माणूस अर्धा तास तव्यासमोर उभा. कशासाठी? त्यामानानं पास्ता बरा, दहा मिनिटांत उकळून मोकळं. त्यातही मी एक पळवाट काढलेली आहे. स्पॅगेटी तास-दीड तास साध्या गार पाण्यात भिजत ठेवायची, परातीत आडवी. पांढरी पडते, लवते, पण चिकटत नाही. मग उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं टाकली की झालं, गॅस बंद. पोरगी म्हणते हे चीटिंग आहे. असू दे. इटलीत नवतपा लागत नाही.

तर परातीत स्पॅगेटी भिजत घातली आणि झिंगे साफ करायला मागच्या आंगणात बसलो. डोकं मोडायचं, टरफल काढायचं, पाठीवर चीर देऊन काळा धागा ओढून फेकायचा. मांजर दोन हातांवर येऊन बसली, तिला डोकी. एका वाट्यात एवढी डोकी निघतात की खरा वाटा तिलाच मिळाला असं वाटतं.

रेसिपी फोनवर होती. लसूण पातळ चिरा, तेलात मंद आचेवर सोडा, लाल मिरची, मग झिंगे, दोन-तीन मिनिटं, वाकडे होऊन गुलाबी झाले की बस, जास्त ठेवले तर रबर. मग पास्ता, त्यातलंच थोडं उकळलेलं पाणी, वरून लिंबू नि हिरवं काही. आणि चीज टाकू नका, मासोळीवर चीज इटलीची माणसं टाकत नाहीत म्हणे. मला तर बरंच झालं, चीज इथं मिळतंय कुठं. लसूण गावरान, बारीक पाकळ्यांचा, सोलता सोलता नखं दुखली. मिरची भिवापुरी. लिंबू नव्हतं तर कैरीच्या बारीक फोडी. हिरवं म्हंजे आपला सांबार, तुमची कोथिंबीर. तेल ऑलिव्हचं लिहिलेलं होतं, पण मी जवसाचं घेतलं, आईकडे अजून डब्यात असते, आमच्याकडे जुनी माणसं झिंगे त्याच्यातच करत. त्याचा वास एकेकाला सोसत नाही, ते एक आहे.

आणि मग ते वाक्य आलं. 'पाणी समुद्राइतकं खारट असावं.'

पास्त्याच्या प्रत्येक रेसिपीत हे वाक्य असतं आणि दर वेळी मी तिथं अडकतो. अरे, समुद्राइतकं म्हंजे किती? आमच्या गावात समुद्र पाहिलेली माणसं बोटावर मोजता येतील आणि चाखलेला बहुतेक मी एकटाच. तेवीस वर्षांचा असताना मुंबईला इंटरव्ह्यू होता, नागपूरपासून रेल्वेनं आठशेच्या वर किलोमीटर, रात्रभर जनरल डब्यात उभा. नोकरी नाही मिळाली पण संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर गेलो, सगळी दुनिया भेळ खात होती आणि मी वाकून पाण्यात बोट बुडवून तोंडात घातलं. बाजूच्या एका लहान पोरानं पाहिलं आणि आईला सांगितलं. ती चव मला आठवते. खारट नाही, कडू.

पहिल्यांदा पास्ता केला तेव्हा मी त्या आठवणीच्या भरवशावर मीठ टाकलं होतं. कुत्र्यानंही सोडला. नंतर वाचलं की समुद्राच्या एक लिटर पाण्यात पस्तीस ग्रॅमच्या आसपास मीठ असतं आणि पास्त्याला लिटरला दहा ग्रॅम पुरे होतं. म्हंजे हे वाक्य लिहिणाऱ्यांपैकी कोणी समुद्राच्या पाण्यात पास्ता उकळून पाहिलेलाच नाही. एक पिढी लिहिते, दुसरी कॉपी करते.

आमच्या आजीनं समुद्र पाहिला नाही. तिच्यासाठी समुद्र म्हंजे आठवडी बाजारात पोत्यावर पसरलेली सुकट नि बोंबील. ते मुंबईकडून येते एवढं तिला ठाऊक होतं आणि त्यावरून मुंबई हे काही चांगल्या वासाचं गाव नसावं असा तिचा पक्का समज होता.

पण शेवया नि सरगुंडे तिच्यासारखे कोणाचे नव्हते.

उन्हाळ्यात गल्लीतल्या साऱ्या बाया आमच्या सपरीत, म्हंजे पडवीत, जमत. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. बन्सी गव्हाचा रवा, पीठ रात्रीच भिजवलेलं, सकाळी तेलाचा हात लावून कुटलेलं. पाटावरच्या शेवया करणाऱ्या एका बाजूला, पाट बाजेला तिरपा टेकवून, दोन्ही हातांनी पीठ खाली घासत नेत आणि खालून तारा लोंबत येत. आजीकडे सरगुंडे. सुपारीएवढा गोळा चिमटीत घ्यायचा, तळहातावर घासून त्याची बारीक वळी करायची, मग गवताच्या गुळगुळीत काडीवर ती गोल गोल गुंडाळत न्यायची, एकाला एक लागून, मधे फट नाही. काडी तळव्याखाली एकदा हलकी फिरवली की वळ्या एकमेकींना धरून बसत आणि मग काडी अशी अलगद ओढून काढायची की बाजेवर बोटभर लांबीची एक पोकळ नळी पडे. मी कितीदा करून पाहिलं. माझी नळी काडीसोबतच यायची, किंवा स्प्रिंगसारखी ताणून निघायची, आणि आजी ती परत गोळ्यात मिसळून टाकायची, न बोलता. पंधरा दिवसांनी आंब्याचा रस झाला की तेच सरगुंडे उकळून, गरम गरम, वर रस. रसात पोळी बुडवणाऱ्या लोकांबद्दल मला तेव्हापासून थोडी कीव वाटते.

परवा झिंग्यांच्या रेसिपीतूनच भटकत भटकत एका फोटोवर गेलो. सिसिलीत, त्रापानीकडे, एक पास्ता करतात, त्याचं नाव बुझियाते. पिठाची वळी गवताच्या काडीवर गुंडाळून. त्या गवताच्या काडीला तिथं बुझा म्हणतात, म्हणून बुझियाते. मी पोरगीला हाक मारली, बघ म्हटलं, सरगुंडे. तिनं कूलरसमोरूनच मान वर केली, पाहिलं, म्हटलं, "हो की बाबा," आणि परत मोबाईल. मला वाटलं होतं जरा तरी उठून बसेल. जाऊ द्या. मीही त्याचं काय करणार होतो.

आम्हा पोट्ट्यांना काम एकच, बाजेवरच्या शेवया राखायच्या. कावळे, चिमण्या, कोंबड्या. हातात काठी नि डोक्यावर ओला दुपट्टा. राखणदाराची मजुरी कच्च्या पिठाचा गोळा, तो खाल्ला की पोट दुखतं हे सगळ्यांना माहीत आणि सगळे खात. आणि नेमकं त्याच दिवसांत काका नदीवरून झिंगे आणत. पाणी उतरलेलं असे, डोहात झिंगे गोळा होत, संध्याकाळी काका ओल्या दुपट्ट्याची गाठोडी घेऊन मागच्या दारानं येत. मागच्याच दारानं, कारण सपरीत शेवया वाळत आणि आजीचा हुकूम होता, "मासोळी सपरीत आनाची नाई. शेवयाले वास लागते."

एका मत्स्य खात्यातल्या माणसानं मला मागे सांगितलं होतं, गोदावरी खोऱ्यातला हा जो मोठा नदीतला झिंगा असतो त्याच्या पिल्लांना गोड पाण्यात जगता येत नाही, त्यांना समुद्राजवळचं मचूळ पाणी लागतं. म्हंजे पिल्लं खाली बंगालच्या उपसागराकडे वाढायची आणि मग गोदावरी, प्राणहिता, वैनगंगा असं उलट्या प्रवाहानं चढत वर यायची. मधे बंधारे, धरणं झाली तसे ते कमी झाले. तलावातले बारीक झिंगे वेगळे, ते इथलेच, इथंच जन्मतात, इथंच कढईत. पण मोठा मिशीवाला काकांच्या दुपट्ट्यातून मागच्या दारानं यायचा तो समुद्र पाहून आलेला असायचा. आजीला हे सांगायला पाहिजे होतं. ती म्हणाली असती, म्हनूनच वास मारते.

आजी झिंगे खात नव्हती. आधी खायची, खूप, असं बाबा सांगत, डोकीसुद्धा चोखून. मग आजोबा गेल्यावर वर्षभरात तिनं पंढरपूरला जाऊन तुळशीची माळ घातली आणि सोडलं. पण रांधायची तीच. मागच्या आंगणात तीन दगडांची वेगळी चूल, वेगळी कढई, वेगळा सराटा म्हंजे उलथणं, आणि ते भांडं घरात यायचं नाही. जवसाचं तेल, ठेचलेला लसूण, तिखट, कैरी. खात नाही तर मीठ कसं कळतं, असं एकदा विचारलं होतं. म्हणाली, वासावरून. आणि खरंच ती कढईवर वाकायची, पदरानं वाफ तोंडाकडे ओढायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "हं, कमी हाय." चिमूटभर टाकायची. आणि कधी म्हंजे कधीच चुकलं नाही. गावात बाया सांगत, हिला मिठाचा वास येते. मीही शाळेत सगळ्यांना सांगत होतो, आमच्या आजीला मिठाचा वास येते.

पुढे बीएस्सीला केमिस्ट्री घेतली. मिठाला वास नसतो. ते उडतच नाही तर नाकात जाणार कुठून.

तरी बरीच वर्षं मी त्याला काही ना काही कारण लावत राहिलो, मीठ पडलं की झिंग्यांचं पाणी सुटते, त्यानं वाफेचा वास बदलत असेल, अनुभवी नाकाला कळत असेल. लोकांनाही असंच सांगत होतो. पण मला एक संध्याकाळ आठवत होती आणि ती मी बाजूला ठेवून देत होतो. मी सात-आठ वर्षांचा असेन. बाजेवरच्या शेवया गोळा करायची टोपली मागायला मागच्या आंगणात गेलो, दिवेलागणीची वेळ, चुलीचा तेवढा उजेड. आजी पाठमोरी. तिच्या हातात सराटा होता आणि ती तो चाटत होती. मीठ पाहायला जीभ लावतात तसं नाही, नीट, दोन्ही बाजूंनी. दुसऱ्या हातानं गळ्यातली माळ मुठीत धरून मागे पाठीवर टाकलेली.

मग तिनं मला पाहिलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. म्हणाली, "जाय बाबू, बाजेवर कावळे आले पाय."

कावळे झोपले होते तेव्हा. मी गेलो आणि उगाच काठी आपटत बसलो. त्या रात्री माझ्या ताटात झिंगे जास्त पडले होते, हे नक्की आठवते. मी कोणाला सांगितलं नाही, बाबांनाही नाही, ते जाईपर्यंत नाही. आणि आता इथं लिहून टाकलं.

तर स्पॅगेटी. पाणी उकळलं, मोजून मीठ टाकलं, भिजलेली स्पॅगेटी दोन मिनिटं, उचलून सरळ लसूण-झिंग्यांच्या कढईत, पळीभर पाणी, कैरी, सांबार. तेल नि पाणी हलवून हलवून एकजीव होतं आणि सगळं चकाकायला लागतं, तो क्षण खरंच चांगला असतो. गॅस बंद करून कढईवर वाकलो आणि वास घेतला. जवस, लसूण, नदी. बाकी काही कळलं नाही.

लाईन गेली तशी पोरगी उठून आली. "मीठ बरोबर आहे का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, वासावरून सांग. तिला जोक वाटला. दोन ताटं भरून खाल्लं तिनं, जवसाच्या तेलाला नाक मुरडत मुरडत, मग आईला फोटो पाठवला, तिचं उत्तर आलं, भांडे कोण घासणार.

झिंगे उन्हाळ्यात उरवून ठेवायचे नसतात. कढईत तळाशी चार तारा नि करपलेला लसूण होता, तो मी उभ्यानंच संपवला, आणि सराटा मोरीत टाकायच्या आधी चाटला. मीठ जरा जास्तच झालं होतं.