ड्रेक ते अंटार्क्टिक द्वीपकल्प: डेकवरच्या नोंदी

दिवस १-२, ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकामधला समुद्र. अर्जेंटिनातलं उशुआया बंदर सोडून बीगल चॅनलबाहेर पडलं की मागचा डेक गाठायचा. वारा कमी लागतो आणि पक्षी जहाजाच्या मागोमाग येतात. दुर्बीण ८×४२च बरी. १० पट दुर्बिणीत डुलणंही वाढतं आणि दिसणारा पट्टाही अरुंद होतो. पक्षी सापडेपर्यंत तो लाटेआड गेलेला असतो. आधी नुसत्या डोळ्यांनी उडण्याची ढब बघावी, मग दुर्बीण लावावी.

सगळ्यात जास्त चुका वाँडरिंग आणि रॉयल अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्यांमध्ये होतात. वाँडरिंगची पिसं वयानुसार बदलत जातात, त्यामुळे पंखांच्या रंगावर विसंबलं की फसगत ठरलेली. फोटोत चोच मोठी करून पाहावी: वरच्या चोचीच्या कडेला काळी रेघ असेल तर रॉयल, नसेल तर वाँडरिंग. जायंट पेट्रेल या समुद्रपक्ष्याचंही तसंच. चोचीचं टोक हिरवट असेल तर सदर्न, तांबूस असेल तर नॉर्दर्न.

पाण्याचं तापमान काही अंशांनी झपकन उतरलं आणि धुकं दाटलं, की कन्व्हर्जन्स, म्हणजे अंटार्क्टिकाचं थंड पाणी उत्तरेकडच्या उबदार पाण्याला मिळतं तो पट्टा, ओलांडला. वेळ टिपून ठेवावी.

दिवस ३, पहिलं लँडिंग. परकं बी किनाऱ्यावर जाऊ नये म्हणून आदल्या दिवशी वेल्क्रो, बॅगेच्या शिवणी आणि ट्रायपॉडचे पाय व्हॅक्यूमने साफ करायचे. कुसळं बहुधा वेल्क्रोतच निघतात. एका वेळी किनाऱ्यावर जास्तीत जास्त १०० जण, पक्ष्यांपासून किमान ५ मीटर. बर्ड फ्लूमुळे बसणं, गुडघे टेकणं, बॅग खाली ठेवणं बंद आहे. पेंग्विनच्या उंचीवरून फोटो हवा तर कॅमेरा हातानेच खाली धरायचा आणि वळणाऱ्या स्क्रीनमध्ये बघायचं. बर्फावर एक्स्पोजर +०.७ ते +१, नाहीतर बर्फ राखाडी येतो.

दिवस ४, विल्हेल्मिना बे. झुपकेदार, पसरट फवारा हंपबॅक व्हेलचा. मिंकी व्हेलचा फवारा जेमतेम दिसतो, कोयत्यासारखा पाठीवरचा पर दिसतो आणि बुडी मारताना ती शेपूट वर काढत नाही. हंपबॅकची पाठ जास्तच कमानदार झाली, म्हणजे शेपूट वर काढून बुडी मारणार, की बोट शटरवर हवं: १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, आणि शक्यतो बरोबर मागून, शेपटीची खालची बाजू दिसेल असं. शेपूट उजेडाविरुद्ध नुसती काळी आली तरी फोटो पुसू नये. शेपटीच्या मागच्या कडेचे दाते स्पष्ट असले तर हॅपीव्हेलवर (फोटोंवरून एकेक व्हेल ओळखणारी वेबसाइट) त्यावरूनही ओळख जुळू शकते. तिथे तारीख आणि ठिकाण द्यावं लागतं, म्हणून कॅमेऱ्याचं घड्याळ पहिल्याच दिवशी जहाजाच्या वेळेला लावायचं. ते घरच्या वेळेवर राहिलं, तर जीपीएसच्या नोंदीशी फोटो जुळवताना भलतीच खाडी येते.

बॅटरी आतल्या खिशात ठेवावी, थंडीत ती लवकर बसते. केबिनमध्ये शिरण्याआधी, बाहेरच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करायचा आणि तास-दोन तास उघडायचा नाही. दव मग पिशवीवर धरतं. कार्ड मात्र बाहेरच काढून घ्यावं, नाहीतर फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडली जातेच.