तुम्ही विचारलंत म्हणून : डायर स्ट्रेट्सचा तो शेवटचा अल्बम

हो, डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडचा तो अल्बम मला खरंच आवडतो. भरिताची पार्टी असो, कुणाच्या पोराची हळद असो, नाहीतर शिरपूरला जाताना गाडीतलं ब्लूटूथ माझ्या हाती लागलेलं असो, तुमचा प्रश्न ठरलेला: "भो, डायर स्ट्रेट्सचं एवढं भारी भारी असताना तुला 'ऑन एव्हरी स्ट्रीट'च का लागतो? खरंच आवडतो का आपलं उगाच?" त्या 'आपलं उगाच'वर कितीदा हसून वेळ मारून नेली. आता एकदाचं लिहूनच टाकतो, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात निदान भरीत तरी गरम असताना खाता येईल.

तुमची मतं मला तोंडपाठ आहेत. एक म्हणतो, झोप येते. दुसऱ्याचा राग पॉल फ्रँकलिनच्या पेडल स्टीलवर, म्हणजे अमेरिकन कंट्री गाण्यांत वाजते त्या आडव्या गिटारवर: रॉक ऐकायला बसलो आणि टेक्सासच्या ढाब्यावर उतरलो. शहाद्याच्या आपल्या गड्याचं म्हणणं, 12 गाणी, तासभराचा माल. निम्मी काढून टाकली असती तर पहिल्या अल्बमच्या शेजारी बसला असता. तो बरोबर बोलतो. त्याच्या तोंडावर मी हे कधी कबूल केलेलं नाही, करणारही नाही. 'माय पार्टीज' लागलं की मीसुद्धा पुढे ढकलतो. 'हेवी फ्युएल' म्हणजे त्यांच्याच गाजलेल्या 'मनी फॉर नथिंग'चा सांगाडा, त्यावर नवे कपडे. अमेरिकेतल्या रॉक रेडिओवर ते पहिल्या नंबरला गेलं म्हणून माझं मत बदलत नाही.

वेळ चुकली, असंही तुमच्यातले वाचणारे सांगतात. अल्बम आला सप्टेंबर 1991 मध्ये. मेटालिकाचा काळा अल्बम ऑगस्टमध्येच येऊन बसलेला. त्याच सप्टेंबरात गन्स अँड रोझेसचे एकाच दिवशी दोन आले, पाठोपाठ निर्वाणा बँडचा 'नेव्हरमाइंड'. त्या गर्दीत डायर स्ट्रेट्सचा गायक-गिटारवाला, बेचाळिशीचा मार्क नॉफ्लर हळू आवाजात गायला लागला तर कोण ऐकणार? मुद्दा अमेरिकेपुरता ठीक. पण आपल्याकडे 'नेव्हरमाइंड' तेव्हा ऐकला होता कोणी? मुंबईहून कुणाचा मावसभाऊ येईल आणि पिशवीतून जी कॅसेट काढेल तो आपला जमाना. माझ्यासाठी त्यांच्या आधीच्या अल्बमनंतर, 'ब्रदर्स इन आर्म्स'नंतर, सहा वर्षं गेलीच नव्हती. तो मी आदल्या उन्हाळ्यात ऐकला होता आणि हा त्या दिवाळीत.

म्हणजे 'वेळ चुकली' हे कारण खानदेशात चालत नाही. मग आपल्या त्या संध्याकाळी जे झालं त्याचं काय, हे तुम्ही विचारणारच. तुमच्यातले निम्मे तिथे होते. उरलेल्यांनी ते इतक्यांदा ऐकलंय की आपणही होतो असं त्यांना वाटतं. तरी मला माझ्या बाजूने सांगू द्या.

1992 चं गॅदरिंग, जळगावात. कॉलेजचं नाव घेत नाही. आपल्याला एकच इंग्रजी गाणं मिळालं होतं आणि सगळ्यांचं ठरलं होतं 'मनी फॉर नथिंग', कारण ती सुरुवातीची गिटार वाजली की इंग्रजी न कळणाराही मान हलवतो. मी अडून बसलो. अल्बमच्या नावाचंच गाणं करायचं, नाहीतर मी नाही. धुळ्याचा आपला ड्रमवाला आधी चिडला, मग कॅसेट घरी घेऊन गेला आणि दोन दिवसांनी शब्दही न बोलता तालमीला आला. त्या गाण्याची गंमत त्याला माझ्याआधी कळली होती. पहिला अर्धा भाग नुसता पियानो, आवाज आणि मागे काहीतरी हलकं चाललेलं. शब्द संपतात, गिटारची एक छोटी ओळ सुरू होते, पुन्हा पुन्हा येत राहते आणि तिच्याखाली ड्रम हळूहळू वर चढतात. शेवटची दोन मिनिटं फक्त ते चढणं. अल्बमवर ते जेफ पोर्कारोने वाजवलंय. आपल्या गड्याने तेवढा भाग महिनाभर घोटला. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या ज्या अँग्लो-इंडियन अंकलकडून आपण बेस गिटार आणली होती, त्यांनी एकदा तालीम पाहिली आणि त्याला म्हणाले, "सबर रख, हात मत उठा."

स्टेजवर आपल्या आधी फॅन्सी ड्रेस होतं. मैदान गच्च. कॅसिओवर पियानोचा आवाज लावलेला, आणि माझा गळा, ज्याबद्दल न बोललेलं बरं. पहिल्या ओळीला शिट्ट्या आल्या, त्या उत्साहाच्या होत्या. दुसऱ्या कडव्याला कमी झाल्या. मग मागच्या बाजूने, जिथे सायकली लावलेल्या होत्या तिथून, एक खणखणीत आवाज आला: "काय रडी राहिना रे भो!"

अख्खं मैदान हसलं. प्राध्यापकांची रांगही हसली. खरं सांगायचं तर टायमिंग लाजवाब होतं. मी गात राहिलो, कारण मला माहीत होतं की आणखी चार ओळी, आणि मग गिटार, आणि मग तो. मी वळून पाहिलं तर त्याने काठ्या उचलून तयार धरल्या होत्या. तेवढ्यात सूत्रसंचालक माइक घेऊन आला, "धन्यवाद, धन्यवाद, जोरदार टाळ्या" म्हणाला, आणि कुणीतरी माझी गिटार लावलेला अँप्लिफायर बंद केला. ती ओळ मी वाजवली, पण तारांचा नुसता खरखराट. पुढचा आयटम अहिराणी गाण्यावरचा नाच. पहिल्याच ठेक्याला मैदान उभं राहिलं.

ड्रमवाल्याने महिनाभर घोटलेलं एक टिपरूही वाजवलं नाही. काठ्या पिशवीत घातल्या आणि शेवटची धुळ्याची एसटी पकडायला निघून गेला. मला काही बोलला असता तर भांडलो असतो. पुढे कित्येक महिने आमचं बोलणं बंद होतं. ऑगस्टमध्ये पोर्कारो गेला, 38 वर्षांचा. बातमी आम्हाला फार उशिरा, एका जुन्या इंग्रजी मासिकातून कळली. ते पान घेऊन तो माझ्या घरी आला. "तुझा अल्बम भिकार आहे," दारातच म्हणाला, "पण ड्रम काय वाजवलेत." तेव्हापासून त्याचं मत तेच आहे आणि त्याच्याशी भांडायला मला सगळ्यात मजा येते.

आता तुम्ही म्हणाल, हेच तर कारण. गाणं अर्धवट राहिलं म्हणून तू ते डोक्यावर घेऊन फिरतोस. असेल. पण मग मला 'आयर्न हँड' का आवडतं? ते गाणं 1984 च्या ब्रिटिश खाणकामगारांच्या संपाचं, ऑरग्रीव्हला घोडेस्वार पोलीस कामगारांवर धावून गेले त्या दिवसाचं. माझे आजोबा अमळनेरला गिरणीत होते. तिथल्या गिरणी कामगारांवरच्या 1946 च्या गोळीबाराची गोष्ट ते जेवताना सांगायचे, आवाज न चढवता, मध्येच कढी वाढ म्हणायचे. नॉफ्लर ते गाणं तसंच गातो. त्यात गॅदरिंगचा काय संबंध?

वीस वर्षांचा असताना मी तुम्हाला सांगायचो की हा अल्बम 'परिपक्व' आहे, तुम्हाला कळायला वेळ लागेल. किती छाती काढून सांगायचो! आज नॉफ्लरच्या तेव्हाच्या वयाच्या मी बराच पुढे आलोय आणि मला त्यात परिपक्वता फारशी ऐकू येत नाही. थकवा ऐकू येतो. बँड चालवायचा कंटाळा आलेला माणूस, सगळ्या अल्बमवर त्याच्यासोबत टिकलेला एकटा बेसवाला जॉन इल्स्ली, बाकी बरेचसे बोलावून आणलेले उत्तम वादक. दौरा ऑक्टोबर 1992 मध्ये स्पेनमधल्या झारागोझाला संपला आणि 1995 पर्यंत कारभार आटोपला. हे सगळं त्या आवाजात आधीच आहे, आणि मला तो थकवाच आवडतो. पण मग तो वीस वर्षांचा पोरगा विचारतो: मला कुठे थकवा ठाऊक होता? मी तर दिवाळीत पहिल्यांदा ऐकला आणि रात्री तीनदा उलटून लावला. मी काय ऐकलं होतं मग? त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. तुम्हालाही ते आत्ताच द्यायचं मी नाकारतो.

एक मात्र विनंती. या वेळी भरिताला स्पीकर माझ्याकडे द्या, आणि त्या गाण्याला शब्द संपल्यावर कुणी बोलू नका. ड्रमवाला ताटावर वाजवणार आहे. तसं त्यानेच मला बजावलंय, वर हेही की अल्बम अजून भिकारच आहे.