बाकावरून कठड्यापाशी

रविवार, रात्र

बदली होऊन पुण्यात आले तेव्हा चर्च बदलावं लागणार हे ठाऊक होतं. उपासनाही बदलेल हे ध्यानात आलं नव्हतं. दोन्हीकडे पाटी एकच, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र आली, हे लहानपणापासून पाठ. पण चर्चचं संविधान एक झालं तरी ज्याच्या त्याच्या घरची रीत तशीच राहते.

आमचं घराणं नगरचं, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं. मिशनचं काम नगरला १८३१ मध्ये सुरू झालं आणि काँग्रिगेशनल वळणाची, म्हणजे मंडळीनेच आपला कारभार पाहायच्या परंपरेतली, साधी उपासना आमच्यात मुरली. इथे मी जाते ते गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय, म्हणजे पंचहौद, अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं. बाहेरच्यांना पंचहौद म्हटलं की १८९० चं चहाचं प्रकरणच आठवतं, लोकमान्य टिळक, रानडे मिशनऱ्यांकडे चहा प्याले म्हणून उठलेला वाद.

सगळ्यांत जड गेलं ते प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. नगरला आम्ही बाकावर बसून असायचो. डिकन, म्हणजे मंडळीतले सेवक, तबक घेऊन रांगेच्या टोकाशी यायचे आणि ते हातोहात सरकत यायचं. भाकरीचे बारीक तुकडे, मग द्राक्षरसाचे इवले पेले. शेजारच्या मावशी स्वतः घ्यायच्या आणि तबक माझ्यापुढे धरायच्या. प्रभूचं भोजन मला मावशींच्या हातून मिळायचं, आणि माझ्या हातून पुढच्याला. इथे उठून वेदीसमोरच्या कठड्याशी जायचं, गुडघे टेकायचे, उजव्या तळहाताखाली डावा धरायचा. सुरुवातीला हे मला परकं, थोडं दरबारी वाटायचं. आज माझ्या एका बाजूला कोणी कॉलेजातला मुलगा होता, दुसऱ्या बाजूला काठी टेकत आलेल्या आजी. त्यांना खाली वाकायला वेळ लागला, तेवढा वेळ आचार्य थांबले, आम्हीही थांबलो. त्या थांबण्यात मला काहीही परकं वाटलं नाही. तरी तबकाची आठवण जात नाही, आणि ती जावी असं मला वाटतही नाही.

छापील प्रार्थनांबद्दल मात्र माझं मत पुरतं बदललंय. नगरला कोणीही उभं राहून आपल्या शब्दांत प्रार्थना करायचं. ती मोकळीक मोठीच. पण त्यात बोलक्या माणसांची प्रार्थना लांबायची आणि अबोल माणसं वर्षानुवर्षं नुसती आमेन म्हणायची. इथे पापकबुली सगळे एका सुरात वाचतात; अबोल माणसाचाही आवाज त्यात असतो. शास्त्रपाठांचंही तसंच. जुना करार, स्तोत्र, पत्र, शुभवर्तमान, सगळं आधीच ठरलेलं. उपदेशकाला आवडीचाच उतारा घेऊन बसता येत नाही, अवघड भागालाही भिडावं लागतं.

गाण्याच्या बाबतीत मी अजून नगरचीच आहे. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक दोन्हीकडे तेच, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदंही तीच. पण टिळकांचं भजन ऑर्गनवर ओढून म्हटलं की जीव कासावीस होतो. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या माणसाने अभंग-ओवी सोडली नाही, ती त्याच्या श्वासातच होती. तिला तबला-पेटीच हवी. हे मी गायकवृंदातल्या ताईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “सरावाला या की शुक्रवारी. तबलजी आहे आपल्याकडे, म्हणायला माणसं हवीत.” जाणार आहे.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू झाल्यापासून इथे ‘गौरव’ हे स्तुतिगीत गात नाहीत. नगरला आम्ही गुड फ्रायडेला येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांच्या उपासनेला तासन्‌तास बसायचो, पण असं चाळीस दिवस काही गाळून ठेवणं माहीत नव्हतं. उपासनेत ती जागा आली की ओठ आपोआप हलायला लागतात आणि थांबतात. ईस्टरची इतकी वाट मी याआधी पाहिली नसेन.

संध्याकाळी आईचा फोन आला. “अगं, तिथे लोक ओळखतात का तुला आता? की नुसतं सलाम करून घरी?” म्हटलं, ओळखतात. मग तिने मुद्द्याचं विचारलं, “नाव कधी घालतेस तिथे?”

सभासदत्वाचं पत्र अजून नगरलाच आहे. आजोबांपासून आमची नावं तिथल्या नोंदवहीत लागोपाठ आहेत, म्हणून हात आखडत होता. पण जिथे दर रविवारी भाकर घेते तिथल्या वार्षिक सभेत मला मत नसावं, दुखण्याखुपण्यात कोणाकडे जायचं त्या यादीत माझं नाव नसावं, हे बरोबर नाही. ईस्टरला नगरला गेले की पाळकसाहेबांना भेटून पत्र मागणार. आईला तसं सांगितलं. ती म्हणाली, “ये. मीही येते तुझ्याबरोबर.”