एक आदण पूर्ण बघा: कोल्हापूरच्या गुऱ्हाळापासून चुलीपर्यंत

या सहलीला जानेवारीचा दुसरा आठवडा सगळ्यांत सोयीचा. गुऱ्हाळं दिवाळीच्या आसपास पेटतात आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतात. सुरुवातीचा ऊस कोवळा असतो आणि शेवटी ऊन वाढलं की रस लवकर आंबतो. जानेवारीत ऊस पक्का, हवा कोरडी, आजऱ्याचं नवं भात मळून गिरणीत आलेलं, आणि संक्रांत तोंडावर असल्यामुळे घराघरांत गुळाच्या पोळ्यांची तयारी सुरू. तीन दिवस पुरतात. त्यातला पहिला सगळा गुऱ्हाळाला द्यावा.

गुऱ्हाळ दाखवायला नेणारे बहुतेक जण वीस मिनिटांत उरकतात: रसाचा पेला, उसाच्या कांड्यावर गरम गूळ, फोटो, चला. त्यातून शिकायला काही मिळत नाही. काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, रस पडल्यापासून रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, भरेपर्यंतच्या एका खेपेला आदण म्हणतात आणि तिला तीन तास सहज लागतात. निदान एक आदण मधे न उठता बघावं. करवीर, पन्हाळा, कागल या तालुक्यांत गुऱ्हाळं भरपूर आहेत, पण आदल्या दिवशी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: ऊसतोड चालू आहे का, पहिलं आदण किती वाजता चढतं, आणि गुळात रंगकाट पावडर घालता का. तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा गुऱ्हाळवाला शिकायला चांगला.

सकाळी आधी उसाच्या फडात जावं. गुळाला बारा ते चौदा महिन्यांचा ऊस लागतो. को ८६०३२ ही जात सगळीकडे दिसते. को ९२००५ खास गुळासाठी चांगली मानली जाते. वाढं (शेंड्याचा हिरवा भाग) आणि पाचट (वाळलेला पाला) नीट काढलेलं आहे का ते बघा, कारण शेंड्याकडच्या कांड्यांत साखर कमी असते आणि त्या घाण्यात गेल्या की गूळ मऊ पडतो. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळायलाच हवा. उशीर झाला की रसातली साखर फुटते, मग कितीही आटवा, गूळ चिकटच राहतो, रवा धरत नाही. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ चवीला खारटच लागतो आणि पावसाळ्यात लवकर पाझरतो. त्यावर काहिलीत काही इलाज नाही.

टनभर उसातून साधारण सहाशे ते साडेसहाशे किलो रस निघतो आणि त्याचा ११० ते १३० किलो गूळ होतो. काहील आठ-नऊ फूट व्यासाची असते, तिच्यात एका वेळी हजारेक लिटर रस मावतो. म्हणजे एका आदणाला दीड-पावणेदोन टन ऊस आणि हाती दोनशेच्या आसपास किलो गूळ. खाली जाळ असतो चिपाडाचा, म्हणजे रस काढून वाळवलेल्या उसाचा. चिपाड ओलं असलं की नुसता धूर होतो, आदण लांबतं आणि जास्त वेळ तापून गुळाला काळपट रंग येतो. गूळ काळा म्हणजे शुद्ध, असं शहरात ठामपणे सांगितलं जातं. कधी कधी तो फक्त ओल्या चिपाडाचा असतो.

रस कोमट झाला की त्यात चुन्याची निवळी पडते. रस मुळात आंबट, पीएच सव्वापाचच्या आसपास. तो साडेसहाच्या जवळ आणायचा असतो. चुना कमी पडला तर गूळ नीट बसत नाही, जास्त झाला तर रंग लालसर-काळा होतो आणि चवीला चुना कळतो. मग भेंडी. हजार लिटरला दीड-दोन किलो भेंडीची झाडं ठेचून, पाण्यात कुस्करून, तो बुळबुळीत चीक रसात सोडतात. चिकात गाळ अडकून वर येतो, तीच मळी. पहिली मळी उकळी फुटायच्या आत काढावी लागते, कारण एकदा रस खदखदला की ती मोडून परत रसात मिसळते. इथे गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, झारा खाली ठेवत नाही. त्याला प्रश्न विचारायची ही वेळ नव्हे. पुढे फेस काठावर आला की चमचा-दोन चमचे शेंगतेल टाकतात आणि फेस बसतो.

शेवटची वीस मिनिटं सगळ्यांत महत्त्वाची. काकवी, म्हणजे पातळ गूळ, हवी असेल तर ती १०५ अंशांच्या आसपास काढून घेतात. रव्याचा गूळ ११८ च्या आसपास उतरवतात असं पुस्तकांत असतं, पण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे पाणीच ९८ ला उकळतं, त्यामुळे हे आकडे दीड-दोन अंशांनी खाली धरावेत. लेझरचा तापमापक नेलात तर तो वाफ आणि फेस मोजेल, पाक नाही, दांड्याचा न्या. गुळव्या तसंही आकडा बघत नाही. तो थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळते का बघतो आणि ती वाटीवर आपटून आवाज ऐकतो. गोळी मऊ चपटी झाली तर अजून पाच मिनिटं. कडक टण्ण वाजली तर क्षणभरही थांबायचं नाही. ही गोळी स्वतः करून बघायला मागा, बहुतेक जण देतात.

मग काहील कप्पीने उचलून पाक वाफ्यात, म्हणजे गार करायच्या उथळ हौदात, ओततात. लाकडी फावड्याने हलवतात ते नुसतं गार करायला नव्हे. त्याने कण बसतो. घाईने भरला तर आत मऊ आणि वर कडक रवा होतो. ओतताना दहा फूट लांब राहा, मुलांना तर त्याहून लांब. पाकाचा चटका पाण्याच्या चटक्यासारखा नसतो, तो चिकटून बसतो. अंगात सुती कपडे, पायात बंद बूट, आणि बसायचं वारा येतो त्या बाजूला.

विकत घेताना: पिवळाधमक, एकसारखा चकाकणारा गूळ दिसला तर बहुधा हायड्रोज म्हणजे रंगकाट पावडर पडलेली असते. असा रंग दोन-तीन महिन्यांत पुन्हा काळवंडतो. काकवी प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम भरू नये. स्टीलच्या डब्यात पूर्ण गार होऊ द्या, मग काचेत. गरम असताना झाकण लावलं तर वाफेचं पाणी वर साचतं आणि तिथूनच आंबायला सुरुवात होते. तळाशी खडे धरले तर बिघडली असं नाही, साखर बसली आहे. किंचित लिंबाचा रस घालून कोमट केली की पुन्हा पातळ होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केट यार्डातले गुळाचे सौदे बघून घ्यावेत. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. तासभर पुरे. व्यापारी रवा फोडून आतला कण बघतात, तेवढं शिकून घ्या.

दुपारी चूल. शिकायला गूळपोळीच घ्या, कारण तिच्यात गुळाचा प्रत्येक दोष उघडा पडतो. ४०० ग्रॅम किसलेला गूळ, तेलात खमंग भाजलेलं ५० ग्रॅम बेसन, ५० ग्रॅम भाजलेल्या तिळाचं कूट, चमचाभर खसखस, जायफळ. वरच्या पारीला ३०० ग्रॅम कणीक, ५० ग्रॅम मैदा, चार मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. एवढ्यात चौदा-पंधरा पोळ्या होतात. कणकेच्या दोन लाट्या मिळून जेवढ्या, तेवढीच गुळाची गोळी. गूळ आणि कणीक बोटाला सारखीच मऊ लागली पाहिजेत. गूळ सैल असेल तर फुटून तव्यावर जळतो; घट्ट असेल तर मधे राहतो आणि कडा कोऱ्या. गुऱ्हाळावरचा ताजा गूळ ओलसर असतो, तो किसून दोन तास पसरून ठेवा, तरी सैल वाटला तर बेसन वाढवा. चिक्कीचा गूळ इथे चालत नाही, गार झाल्यावर पोळी दातांना लागते. फुटलीच तर तवा लगेच ओल्या फडक्याने पुसावा, नाहीतर पुढच्या प्रत्येक पोळीला काळे डाग. गरम पोळ्या एकावर एक रचू नका.

तिसरा दिवस आजऱ्याचा, घनसाळ तांदळासाठी. निपाणी-उत्तूरमार्गे अडीच तास धरा. घनसाळ हा आखूड दाण्याचा वासाचा तांदूळ. रोपं उंच, वाऱ्या-पावसात लोळतात, उत्पन्न कमी, म्हणून सगळे लावत नाहीत. गिरणीत उभं राहून कमी पॉलिश मागा, पांढराशुभ्र केला की वासही कोंड्याबरोबर बराचसा जातो. मात्र कमी पॉलिशचा तांदूळ तीन-चार महिन्यांत संपवावा, कोंड्यातलं तेल खवट होतं. नवा तांदूळ पाणी कमी पितो: वाटीला पावणेदोन वाट्या, दोनदाच हलक्या हाताने धुवायचा, आणि झाकण जड. दोन वाट्या पाणी घातलंत तर आसट भात होईल, मग त्याला गुळाचाच भात करून टाका.

परतीला गूळ आणि तांदूळ एका पिशवीत ठेवू नका. गुळाला पाणी सुटतं आणि तांदळाला त्याची ओल लागते.