पाणी बंदची प्रेसनोट

आजचा अख्खा दिवस एका नोटेत गेला: गुरुवारी पाणी बंद. पेपरात असताना ही बातमी चार ओळींत कापून कोपऱ्यात टाकायची. बातमीदाराचा जनसंपर्क अधिकारी झाला की त्याच चार ओळींसाठी तीन टेबलं फिरावी लागतात.

पाणीपुरवठा विभागाची यादी येते टाकीनिहाय. लोकांना टाकी कळत नाही, गल्ली कळते. म्हणून उपअभियंत्याला गाठून प्रत्येक टाकीखालचे चौक, वस्त्या लिहून घ्यायच्या. दोन टाक्यांच्या हद्दीवरच्या गल्ल्या दोनदा विचाराव्यात. घोळ तिथेच होतो. तारखेसोबत वार हवाच, आणि तो कॅलेंडरवर ताडून. जुनी नोट कॉपी केली की मागचा वार तसाच राहतो.

‘शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने’ ही ओळ मात्र कुणाच्या सांगण्यावरून काढू नये. रिकाम्या लाइनीत हवा भरते, आधी सखल भाग भरतो, चढावरच्यांना पाणी शेवटी. ओळ गाळली तर शुक्रवारी सकाळी फोन खाली ठेवता येत नाही.

मग फाँट! श्रीलिपी या जुन्या फाँटातली नोट व्हॉट्सॲपवर चिकटवली की अक्षरांची भेळ होते. युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येणारी अक्षरं, करून घ्या, पण ‘र्‍या’ आणि रफार नजरेखालून घाला. ‘दुसऱ्या टप्प्यात’ची वाट तिथेच लागते.

आयुक्तांच्या सहीला फाइल अडली आणि पाच वाजून गेले, तर शहर पानावर जागा मागायला जुन्याच सहकाऱ्यांना फोन लावावा लागतो. ते आधी चिमटा काढतात, मग जागा देतात.