कपाटातला अंक आणि तीन-पंचमांश मतं

आमच्या फोंड्याच्या वाड्यावर मंडळाचा एक चार पानी अंक दर महिन्याला निघतो. तीनशे प्रती. ओपाच्या जलप्रकल्पातून येणारं नळाचं पाणी कुठल्या दिवशी बंद राहणार, दहावीला कुणाची मुलं पास झाली, देवळातल्या सप्ताहाला कुठल्या घराचा प्रहर, नगरपालिकेने गटाराचं काम कुठवर आणलं, असं सगळं त्यात असतं. आम्ही घरी कोकणी बोलतो आणि लिहितो मराठीत, त्यामुळे अंक पहिल्यापासून मराठीतच. एकतीस वर्षं मराठी प्राथमिक शाळेत शिकवून मी निवृत्त झाले, तेव्हा मंडळाने संपादनाचं काम माझ्याकडे दिलं. वाड्यावरचे निम्मे लोक माझे विद्यार्थी. ते मला अजून बाईच म्हणतात.

२०२४ च्या फेब्रुवारीच्या अंकात मी एका वहिनींचं पत्र घेतलं. मुलीच्या हळदीसाठी त्यांनी मंडळाचं सभागृह मागितलं होतं, ते मिळालं नाही. कारण विचारलं तर ‘सामान आहे’ एवढंच उत्तर मिळालं. आत खरोखरच सामान होतं. कार्यकारिणीतल्याच एका कंत्राटदाराच्या सिमेंटच्या गोणी आणि सेंट्रिंगच्या फळ्या चार महिने तिथे पडून होत्या. भाड्याची नोंद कुठेच नव्हती. पत्र छापण्याआधी मी स्वतः खिडकीतून पाहून आले, गोणी मोजल्या, आणि खजिनदारांना भाड्याचं विचारलं. ते मान खाली घालून गप्प बसले.

अंक छापून आला, पण घरोघरी गेला नाही. गठ्ठा सुतळीने बांधलेला तसाच मंडळाच्या लोखंडी कपाटात गेला आणि किल्ली अध्यक्षांच्या खिशात. चार दिवसांनी कोपऱ्यावरच्या आजोबांनी विचारलं, ‘‘बाई, ह्या म्हयन्याचो अंक खंय?’’ मला उत्तर देता येईना. रडू यायचं तेवढं राहिलं.

अध्यक्षांबद्दल एक आधीच सांगते. ते सभागृह त्यांच्यामुळेच उभं राहिलं. स्लॅब पडला त्या रात्री ते पावसात ताडपत्री धरून उभे होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण अंक म्हणजे मंडळाचा फलक आणि फलकावर काय लावायचं ते अध्यक्ष ठरवणार, अशी त्यांची पक्की समजूत होती. कार्यकारिणीच्या बैठकीत ते म्हणाले, ‘‘यापुढे छापण्याआधी मजकूर मला दाखवायचा.’’ माझे वडील पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या काळातलं सांगायचे. छापायच्या आधी प्रूफ सेन्सॉरकडे जायचं आणि तिथून पास होऊन आलं तेवढंच लोकांना वाचायला मिळायचं. गोवा मुक्त झाल्यावर तीन महिन्यांनी, २४ मार्च १९६२ ला, ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक सुरू झालं तेव्हा त्यांना कोण आनंद झाला होता. ते सगळं मला त्या बैठकीत आठवलं. मी नाही म्हटलं.

मग दुसरा मुद्दा आला. ‘‘तुमचा अंक नोंदणीकृत तरी आहे का? नवा कायदा आलाय. दंड कोण भरणार?’’

हा मुद्दा मात्र खरा होता. १८६७ चा जुना कायदा जाऊन नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला होता. ठराविक मुदतीने निघणारं आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य छापणारं प्रकाशन म्हणजे नियतकालिक, आणि ते नोंदणी न करता काढलं तर पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद. आमच्या अंकात नगरपालिकेच्या आणि पाण्याच्या बातम्या असतात, म्हणजे आम्ही त्यात बसत होतो. इतकी वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी म्हटलं, ठीक आहे, नोंदणी करू. ती होईपर्यंत अंक बंद. बंद ठेवायचा निर्णय मला जड गेला, पण कायद्याची बाजू आपली कच्ची असताना भांडण्यात अर्थ नव्हता.

मंडळाच्या नावाने नोंदणी करायची तर मंडळाच्या उद्देशांत प्रकाशन हवं, असं आमच्या वकिलांचं म्हणणं पडलं. आमची घटना काढली. सांस्कृतिक कार्यक्रम, खेळ, सार्वजनिक गणेशोत्सव, विद्यार्थ्यांना मदत. प्रकाशनाचा शब्द नाही. आणि आमच्यासारख्या संस्था ज्या १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या असतात, त्यांना उद्देश बदलायचा असेल तर कलम १२ पाळावं लागतं. प्रस्ताव लेखी स्वरूपात प्रत्येक सदस्याला खास सभेच्या दहा दिवस आधी पोचवायचा. सभेत तीन-पंचमांश सदस्यांची मतं मिळवायची. मग एक महिन्याच्या अंतराने दुसरी खास सभा घेऊन हजर असलेल्यांच्या तीन-पंचमांश मतांनी ते पुन्हा कायम करून घ्यायचं. नेहमीच्या आमसभेत हात वर करून हे होत नाही.

खास सभा बोलवायची ती कार्यकारिणीने. तिथे सरचिटणीसांनी माझी बाजू घेतली. ‘‘नोंदणी नाही म्हणून अंक अडवला, आता नोंदणी करू म्हटलं तर ती पण अडवायची?’’ यावर कुणाला बोलता आलं नाही.

पहिली सभा जूनमध्ये ठेवली. मुसळधार पाऊस, त्यात वीज गेलेली. त्रेसष्ट लोक आले. नोंदवहीत नावं दोनशे चौदा, म्हणजे मतं हवी होती एकशे एकोणतीस. सभा तिथेच संपली. अध्यक्षांच्या बाजूच्या एकाने जाताना छत्री उघडता उघडता म्हटलं, ‘‘बाई, मेल्लेली माणसां मत दिवपाक येवचीं ना.’’ चिडवायला म्हटलं होतं, पण मी घरी येऊन नोंदवही उघडून बसले.

त्या वहीवर मी पुढचे पंधरा दिवस घालवले. ज्यांना असं काही करायचं असेल त्यांनी सुरुवातच इथून करावी, असं मी कळकळीने सांगेन. एकतीस जण वारलेले होते. त्यांत माझ्या यजमानांचंही नाव होतं, त्यांच्याच अक्षरातल्या सहीसकट. त्या पानावर मी बराच वेळ थांबले आणि मग पेन्सिलीने बाजूला तारीख लिहिली. काही जण मुंबई-पुण्याला कायमचे गेलेले. पुष्कळांची वर्गणी थकलेली. वर्षाला साठ रुपये, तेही कुणी मागायला गेलं नाही म्हणून राहिलेले.

आणि संस्था नोंदणी कायद्याचं कलम १५ सांगतं की वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली असेल तर त्या माणसाला मत देता येत नाही, आणि सदस्य म्हणून त्याची मोजणीही होत नाही. हे दुसरं वाक्य मी चार वेळा वाचलं. म्हणजे तीन-पंचमांश काढायचे ते दोनशे चौदातून नव्हे.

हे अध्यक्षांच्या बाजूलाही कळलं आणि वाड्यावर वर्गणी गोळा करायची शर्यत लागली. कधी नव्हे ते दोन्ही बाजूचे लोक पावतीपुस्तकं घेऊन दारोदार. मी सरचिटणीसांना एकच विनंती केली, की थकबाकी भरणाऱ्याला, तो कुठल्याही बाजूचा असो, पावती मिळालीच पाहिजे आणि शेवटची तारीख फलकावर लागली पाहिजे. ती यादी दोन्ही बाजूंच्या सह्यांनी पक्की झाली. एकशे सव्वीस सदस्य. हवी होती शहात्तर मतं.

तारीख चवथीला धरून ठरवली. गोव्यात माणूस कुठेही असो, चवथीला घरी येतोच. २०२४ ची चवथ शनिवारी होती. रविवारी दीड दिवसाचे गणपती पोचवले आणि सोमवारी संध्याकाळी सभा. घराघरांत पाहुणे, नेवऱ्यांचे डबे उघडलेले, आरतीला वाजवायची घुमटं अजून भिंतीला टेकून ठेवलेली. सभागृह भरलं. गोणी आदल्या आठवड्यात हलवल्या होत्या, फरशीवर सिमेंटचा पांढुरका चौकोन तेवढा राहिला होता. लोक आत येताना त्याला वळसा घालून बसत होते.

प्रस्तावात मी दोन गोष्टी घातल्या होत्या. एक, नियतकालिक काढणं हा मंडळाचा उद्देश. दुसरी नियमातली: संपादक मंडळ तीन जणांचं, ते आमसभेने निवडायचं, कार्यकारिणीने नव्हे. छापलेला अंक अडवायचा अधिकार कुणालाही नाही, पण ज्यांच्याविषयी लिहिलं असेल त्यांचं उत्तर त्याच अंकात, त्याच पानावर घ्यायचं. ही शेवटची ओळ अध्यक्षांसाठी होती. फेब्रुवारीच्या पत्रासोबत मी त्यांचं म्हणणं छापायला हवं होतं. खजिनदारांना विचारलं, अध्यक्षांना विचारलं नाही, ही माझी चूक होती आणि मी ती सभेत उभी राहून सांगितली.

प्रतिनिधिपत्रांवरून गोंधळ झाला. परगावच्या बारा जणांनी आपलं मत दुसऱ्याकरवी पाठवलं होतं. ‘‘आपल्या नियमांत प्रॉक्सी नाही,’’ अध्यक्ष म्हणाले. मी कलम १२ ची प्रत काढून वाचून दाखवली. स्वतः हजर राहून किंवा प्रतिनिधीमार्फत, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यांनी प्रत मागून घेतली, चष्मा लावून स्वतः वाचली आणि परत दिली. पुढे काही बोलले नाहीत.

चिठ्ठ्या मोजल्या. बाजूने एक्याऐंशी, विरुद्ध एकोणीस.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरी खास सभा झाली, अठ्ठावन्न आले, एकेचाळीस बाजूने. डिसेंबरच्या आमसभेत नवी कार्यकारिणी आली. अध्यक्ष उभे राहिले नाहीत. नव्या कार्यकारिणीची यादी चौदा दिवसांच्या आत निबंधकांकडे द्यायची असते, ती दिली.

नोंदणीचा अर्ज आता सगळा ऑनलाइन असतो, प्रेस सेवा पोर्टलवर. भाचा लॅपटॉप घेऊन बसला. पूर्वी आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांसमोर प्रतिज्ञापन, मग दिल्लीतल्या वृत्तपत्र निबंधकांकडे अर्ज, असे दोन फेरे असत. नव्या कायद्यात नाव आणि नोंदणी यांचा अर्ज एकत्रच जातो आणि जिल्हा प्रशासनाला हरकत आहे की नाही हे कळवायला साठ दिवस असतात.

नावानेच पहिल्यांदा अडवलं. त्याच भाषेत देशात कुठेही, किंवा आपल्या राज्यात कुठल्याही भाषेत, तेच किंवा तसंच नाव दुसऱ्या मालकाकडे असेल तर मिळत नाही. आमचं जुनं नाव चांगलं होतं, म्हणूनच ते कधीचं कुणीतरी घेतलेलं होतं. शेवटी वाड्याचं नाव पुढे जोडलं तेव्हा बसलं. मुलांना मात्र जुनंच आवडायचं.

दुसरी अडचण आमच्या घटनेवरच्या पत्त्याची. तिथे लिहिलं होतं ‘जिल्हा उत्तर गोवा’. फोंडा तालुका २०१५ च्या जानेवारीत दक्षिण गोव्यात गेला, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक, पण मंडळाच्या कागदावर कुणी बदललं नव्हतं. अर्जात दक्षिण, कागदात उत्तर. दुरुस्तीचा ठराव, त्याची प्रत, पुन्हा अर्ज आणि मडगावची एक फेरी, यात दीड महिना गेला. ही आमचीच ढिलाई. तुमची संस्था फोंड्यातली आणि जुनी असेल तर आजच शिक्का आणि लेटरहेड काढून बघा.

छापखान्याचे मालक लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापतात. नियतकालिक छापणाऱ्या मुद्रकालाही ऑनलाइन माहिती द्यावी लागते, हे ऐकून ते घाबरले. ‘‘बाई, मला कशाला यात ओढता?’’ मी त्यांच्या काउंटरवर दोन दुपारी बसले. त्यांचा अर्ज भाच्याने भरून दिला, सही त्यांनी केली.

२०२५ च्या एप्रिलमध्ये प्रमाणपत्र आलं. पहिल्या अंकाचं प्रूफ पाहताना मी बातम्या एकदा वाचल्या आणि शेवटच्या पानाच्या तळाची ओळ पाच वेळा. मालक मंडळ, मुद्रक, प्रकाशक, छापखान्याचा पत्ता, संपादक. बारीक टाइपात दोन ओळी. एकवीस वर्षांत आमच्या अंकावर त्या कधीच नव्हत्या. ‘मुद्रक’मधला ‘द्र’ तुटक उमटला होता, तो बदलून घेतला.

कपाटाची किल्ली नव्या अध्यक्षांनी माझ्या हातात दिली. गठ्ठा तसाच होता. सुतळीखालचा कागद दमटपणाने फुगलेला, वरच्या वीसेक प्रतींच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. तो अंक विनानोंदणीचा म्हणून वाटता येणार नव्हता. म्हणून नव्या अंकाच्या तिसऱ्या पानावर वहिनींचं पत्र पुन्हा छापलं, आणि खाली जुन्या अध्यक्षांचं उत्तर. ते मागायला मी स्वतः त्यांच्या घरी गेले होते. त्यांनी चहा दिला, आणि दुसऱ्या दिवशी दीड पान लिहून पाठवलं. त्यातला एक शब्द मी कापला नाही. भाड्याची रक्कम कंत्राटदाराने भरल्याची पावती क्रमांकासह त्यात होती.

अंक घेऊन मी आधी वहिनींकडे गेले. त्यांच्या मुलीची हळद गेल्याच वर्षी अंगणात मांडव घालून झाली होती. त्यांनी उभ्या उभ्याच पत्र वाचलं, मग खालचं उत्तरही पूर्ण वाचलं, आणि म्हणाल्या, ‘‘बाई, आनीक एक प्रत दियात. तिका वास्कोक धाडटां.’’