स्वप्न किती अक्षरांचं?

निवडपत्रावर ‘काव्यदूत’ हा शब्द वाचला तेव्हा मला हसूच आलं. दूत म्हटलं की मला ढग किंवा हंस आठवतो. इथे कवितेचा निरोप पोचवायचा होता वर्षभर एका शाळेतल्या सहावीच्या वर्गात, तोही जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला.

तिथवर पोचायलाही बराच वेळ गेला. अर्जासोबत तीन कविता आणि ‘मुलांसोबत नेमकं काय कराल’ यावर एक पान लिहून द्यायचं होतं. कविता पाच मिनिटांत निवडल्या, त्या एका पानाला मात्र आठवडा लागला. मग मुलाखत. पाच मोठी माणसं मुलं होऊन बसली आणि मी त्यांचा तास घेतला. (मुलांपेक्षा मोठ्यांचा तास घेणं सोपं असतं, कारण मोठे कंटाळा लपवतात.) त्यानंतर चारित्र्य पडताळणी आणि एक दिवसाचं प्रशिक्षण.

प्रशिक्षणातला निम्मा वेळ कवितेवर गेलाच नाही. वर्गात शिक्षक हजर असल्याशिवाय थांबायचं नाही. फोटो काढायचे नाहीत. मुलांनी लिहिलेलं त्यांना आणि पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकायचं नाही. आणि एखादं मूल घरातलं काही दुखरं लिहून गेलं, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द द्यायचा नाही, शाळेच्या समुपदेशकांना सांगायचं. हे ऐकताना मनात म्हटलं, मी कविता शिकवायला चाललेय की पहारा द्यायला? वर्षभरात ती वेळ एकदा आली. तपशील इथे देत नाही. नियम माहीत होता म्हणून त्या दिवशी माझी धांदल उडाली नाही, एवढंच सांगते.

तिथेच एका वक्त्यानं ब्रिटनची गोष्ट सांगितली. तिथे 1999 पासून मुलांसाठी लिहिणाऱ्या किंवा चित्रं काढणाऱ्या एकाला दोन वर्षांसाठी ‘चिल्ड्रन्स लॉरिएट’ नेमतात. 2022 ते 2024 या काळात हा मान जोसेफ कोएलो या कवीकडे होता. मुलांना ग्रंथालयाची वाट दिसावी म्हणून हा माणूस देशभर फिरून दोनशेहून जास्त ग्रंथालयांचा सभासद झाला. मी भारावून गेले. मग मला मिळालेल्या एका शाळेचं वेळापत्रक जुळवता जुळवता दमछाक झाली आणि तो भार आपोआप उतरला.

पहिला तास सपशेल पडला. बेचाळीस मुलं, पस्तीस मिनिटं. मी माझी एक कविता जीव ओतून म्हटली. थोडा वेळ शांतता. मग पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. “ताई, भावार्थ लिहून देणार का?” मागून दुसरा म्हणाला, “किती मार्कांना आहे?” मी घाईघाईनं ‘पाऊस’ हा विषय दिला. बहुतेक वह्यांमध्ये पाऊस आला, मोर नाचला, शेतकरी आनंदला. दोन वह्यांत तर पाठ्यपुस्तकातलीच कविता उतरवलेली, तीही एकीत अर्धीच.

मुलांचं चुकलं नव्हतं. ‘पाऊस’ म्हणजे उघडं माळरान, त्यात कुठूनही शिरता येतं म्हणून सगळे मळलेल्या वाटेनंच शिरतात. अरुंद दार हवं होतं. केनेथ कोक या अमेरिकन कवीनं साठच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधल्या एका प्राथमिक शाळेत हेच केलं होतं. तो विषयाऐवजी ओळीची सुरुवात द्यायचा. ‘मला वाटतं की असं व्हावं’ अशा अर्थाच्या शब्दांनी प्रत्येक ओळ उघडायची, आणि यमक जुळवायची सक्ती नाही. मला त्याची ‘इच्छा’ मराठीत भाषणासारखी वाटली. म्हणून दुसऱ्या तासाला फळ्यावर लिहिलं: ‘खोटं सांगू तर...’

वर्गात एकदम कुजबुज. खरंच खोटं लिहायचं? बाईंसमोर? मी म्हटलं, हो, आणि मीही लिहिणार आहे. दहा मिनिटांनी वाचन सुरू झालं.

“खोटं सांगू तर मला गणिताची भीती वाटत नाही, गणितालाच माझी वाटते.”

“खोटं सांगू तर मी काल रडलो नाही, डोळ्यांना तहान लागली होती.”

“खोटं सांगू तर आमच्या घरी सगळे एकाच वेळी जेवतात.”

तिसऱ्या ओळीनंतर कुणीच हसलं नाही. त्या दिवशी भावार्थही कुणी मागितला नाही.

वर्गशिक्षिका बाईंशी मात्र माझी जुंपली. त्या वह्या घेऊन लाल पेनानं शुद्धलेखन सुधारत सुटल्या. ‘तहाण’ला गोल, ‘ऐकाच’ला गोल. त्यांचं काही चूक नव्हतं, पुढे परीक्षेत त्याच चुकांचे गुण जातात. पण गोल दिसला की मूल पुढच्या वेळी ‘तहान’ लिहीतच नाही, ‘पाणी’ लिहून मोकळं होतं. शेवटी तह झाला. पहिल्या खर्ड्याला पेन लावायचं नाही, आणि वर्षअखेरीस हस्तलिखित करताना मुलांनीच एकमेकांचं तपासायचं. वर मी बाईंनाही लिहायला बसवलं. शेवटच्या बाकावर बसून त्यांनी तीन ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवायला साफ नकार दिला. पुढच्या तासाला स्वतःहून वाचल्या. ती बातमी मधल्या सुट्टीत शाळाभर झाली.

एक मुलगा कधीच लिहायचा नाही. वही उघडी, पेन हातात, पान कोरं. त्याची अक्षरं उलटसुलट होतात, हे मला चौथ्या भेटीत कळलं. तोंडी मात्र तो सुसाट. मी म्हटलं, तू सांग, मी लिहिते. तो लगेच म्हणाला, “मग ती तुमची कविता होईल.” मी त्याला बहिणाबाई चौधरींबद्दल सांगितलं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर काम करता करता त्यांना ओव्या सुचत. मुलगा सोपानदेव, जे स्वतः कवी होते, आणि घरातले आणखी एक नातेवाईक त्या उतरवून घेत. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या, त्यांची गाणी पुस्तकरूपात आली 1952 मध्ये. लिहून घेणाऱ्यांची ती झाली नाहीत, आजही बहिणाबाईंचीच आहेत. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, “मग नीट लिहा. मधे तुमचं काही घालू नका.” मी एकदा सवयीनं त्याच्या ‘लई’चं ‘खूप’ केलं, तर त्यानं परत वाचायला लावून पकडलं.

हायकूच्या तासाला तर भांडणच झालं. शिरीष पै यांनी हा जपानी प्रकार मराठीत रुजवला, तीन ओळींत पाच-सात-पाच अक्षरं मोजायची, इतपत सांगून मी मुलांना बोटांवर मोजायला सोडलं. पाचव्या मिनिटाला वर्गाचे दोन तट पडले होते. ‘स्वप्न’ किती अक्षरांचं? एक तट म्हणे दोन, जोडाक्षर एकच धरतात. दुसरा म्हणे तीन, कारण म्हणून बघा ना, दोनात उरकतच नाही.

दोनवाल्यांचं बरोबर होतं. पण तीनवाल्यांचा कान तयार होता. अक्षरं दोन, मात्रा तीन. ‘स्व’ तसं लघू, पण पुढे ‘प्न’ हे जोडाक्षर आलं की त्याच्यावर जोर पडतो आणि ते गुरू होतं. दोन मात्रा त्याच्या, एक ‘प्न’ची. व्याकरणाच्या तासाला लघू-गुरू म्हटलं की पेंगणारी हीच मुलं त्या दिवशी स्वतःच्या नावांच्या मात्रा मोजत सुटली. कुणाचं नाव सर्वांत जड, यावर पैजा लागल्या. माझं नियोजन होतं तसंच बॅगेत राहिलं.

वर्ग-ग्रंथालयाच्या कपाटात कवितांची पुस्तकं तळाच्या फळीवर होती, ती आम्ही मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणली. एवढ्यानं फरक पडला. काही मुलं लहान कविता शोधायला पुस्तकं घ्यायची, उतरवायला सोप्या म्हणून. घेईनात का.

वर्षअखेरीस अहवालाचा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता: ‘किती टक्के मुलांमध्ये साहित्याची गोडी निर्माण झाली?’ मी बराच वेळ पेन घेऊन कोऱ्या पानापुढे बसले, त्या मुलासारखीच. शेवटी रकाना रिकामा सोडला आणि हस्तलिखिताची प्रत जोडली.

शेवटच्या दिवशी मी निघताना भावार्थवाली मुलगी जिन्यात आडवी आली. हातात हायकूचा कागद.

“ताई, ‘स्वप्न’ खोडून ‘झोप’ केलं. अक्षरं दोनच. मात्रापण मोजल्या, तीनच येतात.”

“मग झालं की.”

“नाही ना. आता ती ओळ पेंगते. परत ‘स्वप्न’ करू?”

“तुला काय वाटतं?”

ती तिथेच पायरीवर बसली आणि कागद गुडघ्यावर धरून पुटपुटायला लागली. मी तिला ओलांडून हळूच खाली उतरले.